बंद लाइनवरचं दान

आधीच सांगून टाकते — माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. आमच्या घरी भिंतीवर धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा टांगलेल्या होत्या, आणि वडील कापसाच्या जिनिंगमधून थकून आले तरी आम्हा भावंडांकडून त्या म्हणवून घेतल्याशिवाय जेवायला बसत नसत. अंगात येणं, उतारा, लिंबू-मिरची... यातलं काही उंबऱ्याच्या आत आलं नाही. एकदा गल्लीतल्या एका बाईच्या अंगात आलं, तेव्हा मी पुढं होऊन विचारलं होतं, की माझ्या टायपिंगच्या परीक्षेचा निकाल काय लागणार ते सांग. देवी बिचारी चिडून निघून गेली. तर मी अशी बाई. या सदरातले अनुभव मी वाचते ते दुपारच्या चहासोबत तोंडी लावायला, आणि अर्ध्यांना हसते.

मग आज मीच का लिहायला बसले? तर माझ्या नातीमुळे. सुट्टीत ती माझ्याकडे येते आणि दिवसभर मोबाइलवर मैत्रिणींसोबत कसला तरी खेळ खेळते. एक पुण्यात, एक भोपाळला, एक कुठं तरी परदेशात. मध्येच ओरडते, "लॅग होतंय..." मी विचारलं, हे सगळं चालतं कसं? तिनं समजावलं — मध्ये एक सर्व्हर असतो. सगळ्यांच्या चाली त्याच्याकडे जातात, तो सगळ्यांना कळवतो. कोणाला किती लाइन द्यायची, कोणाला थांबवायचं, ते तोच ठरवतो. आणि त्याच्या पटावर जे असेल तेच खरं.

मी म्हटलं, "अगं, मग मी तेच होते."

ती हसली. पण मग मी सहज विचारलं, "आणि ज्याची लाइनच तुटली आहे, त्यानं चाल केली तर?" तिनं माझ्याकडे दयेनं पाहिलं. "आजी, नेट नसताना कोणीच चाल करू शकत नाही." असं म्हणून ती पुन्हा खेळायला लागली. मी मात्र त्या रात्री नीट झोपले नाही. म्हणून हे लिहिते आहे.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. मी पांढुर्ण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. बाजाराच्या मागच्या बाजूला कौलारू इमारत, आत एक उंच लाकडी बोर्ड. त्यावर गावातल्या प्रत्येक फोनचं एक भोक आणि प्रत्येक भोकावर एक छोटं पितळी झाकण. कोणी आपल्या घरी फोनचं हँडल फिरवलं की इकडे त्याचं झाकण टक्कन खाली पडायचं. मग मी दोरी खोचून विचारायचे, "नंबर?" आणि दुसरी दोरी ज्याच्याशी बोलायचं त्याच्या भोकात. एवढंच काम. वाटतं सोपं.

खरी परीक्षा बाहेरगावच्या लाइनची असायची. नागपूरकडे जाणाऱ्या दोनच लाइनी, त्यातली एक बहुतेक वेळा खरखरत असे. सौंसरकडे एक. सौंसरवाल्यांना नागपूरशी बोलायचं तर तेही माझ्याच बोर्डावरून जात. हिवाळा म्हणजे संत्र्याचा आणि कापसाचा हंगाम, झाडून सगळ्या व्यापाऱ्यांना एकाच वेळी नागपूरचा भाव हवा असे. त्यांचे जास्त पैशांचे अर्जंट कॉल, त्याहून महाग आणि सगळ्यांच्या आधी लागणारे लाइटनिंग कॉल. साध्या माणसाचा ऑर्डिनरी कॉल सकाळी बुक केलेला संध्याकाळी लागायचा. कोणाच्या घरी मयत, कोणाची सून बाळंत, आणि इकडे शेठचा संत्र्याचा ट्रक... सगळं त्या दोन तारांतून जायचं. कोणाला आधी सोडायचं आणि कोणाचं बोलणं तीन मिनिटं झाली म्हणून मध्येच थांबवायचं, हे मी ठरवायचे. त्या खुर्चीवर बसून मला माणसं फार कळली. एवढं खरं की अर्जंट कॉलवाल्याला क्वचितच घाई असते.

सौंसरच्या बोर्डावर दादाराव होते. माझ्यापेक्षा वयानं बरेच मोठे, बोलण्यात मिश्कील. मी त्यांना भाऊ म्हणायचे, ते मला बाई. सौंसरला जोडलेला बोरगावच्या पोस्टातला सार्वजनिक फोन होता, तो सांभाळायचे तिथले गुरुजी. सकाळी शाळा आणि दुपारी पोस्ट अशी त्यांची दोन्ही डगरींवर पाय ठेवलेली नोकरी. आम्ही तिघंही वर्षानुवर्षं एकमेकांचा आवाज ओळखत होतो. चेहरे फार कमी वेळा पाहिले.

दुपारच्या जेवणानंतर लाइनी जरा मोकळ्या व्हायच्या. अशाच एका दुपारी दादाराव म्हणाले, "बाई, बसून बसून बुड दुखून राहिलं. अष्टाचंगा खेळता का?"

मला वाटलं थट्टा करून राहिले. पण त्यांनी खरंच योजना करून ठेवली होती. प्रत्येकानं आपल्यापुढे पंचवीस घरांचा पट काढायचा, आपल्या कवड्या आपणच टाकायच्या आणि किती पडल्या ते लाइनवर सांगायचं. फोनवर चार-चार सोंगट्या कोण ध्यानात ठेवणार, म्हणून प्रत्येकाची एकच. खोटं बोललं तर कोण पाहायला येणार? कोणीच नाही. सगळा खेळ विश्वासावर. आणि वाद झाला तर पांढुर्ण्याच्या पटावर असेल ते खरं, कारण लाइन माझ्या हातात.

मी अट घातली. एक दान, एक श्वास, की लाइन मोकळी. मध्ये कोणाचंही झाकण पडलं की खेळ जागच्या जागी थांबला. मग ती चाल तासभर लटकली तरी कोणी कुरकुर करायची नाही. ते त्यांनी पाळलं. कधी कधी एकेक डाव आठवडाभर चालायचा. खात्यात हे कळलं असतं तर आमची काही धडगत नव्हती, पण माझ्या खेळापायी कोणाचा कॉल अडला असं एकदाही झालं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन.

पटावर चौथ्या खेळाडूचं घर रिकामं होतं. ते दादारावांच्या शालूनं घेतलं.

शालू त्यांची एकुलती एक पोर. अकरा-बारा वर्षांची असेल. लहानपणी ताप आला, सांधे सुजले आणि त्यात तिच्या हृदयाची झडप खराब झाली. शाळेतून घरी जाताना दम लागायचा, म्हणून ती वाटेतच एक्स्चेंजमध्ये वडिलांजवळ टेकायची आणि मग दोघं सोबत घरी जायचे. दादाराव तिच्या कानाला हेडफोन लावून द्यायचे. तिचा आवाज बारीक, पण शब्द अगदी स्पष्ट. "मावशी, मले तीन पडले. चालली मी." असं सांगायची. मला तेव्हा मूल नव्हतं. त्या आवाजाची मी दुपारभर वाट पाहायचे, हे लपवण्यात काय अर्थ आहे?

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी एक नियम सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. सोंगटी आधी बाहेरच्या घरांमधून गोल फिरते आणि मग आत वळून मधल्या घरात पोचते. पण निदान एकाची तरी सोंगटी मारल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. ज्यानं कोणाला मारलं नाही त्यानं बाहेरच फिरत राहायचं. आणि मारलेल्या सोंगटीला पुन्हा पहिल्या घरापासून चालावं लागतं.

शालू कोणाचीच सोंगटी मारायची नाही. नेमकं दान पडलं तरी सोडून द्यायची. गुरुजी एकदा तिला समजावायला लागले, "अवं पोरी, मारल्याबिगर आत कशी जाशीन तू?"

ती म्हणाली, "मारली का थे पुन्हा पयल्यापासून चालत येते ना गुरुजी. तिचे पाय दुखत असतीन."

चार पावलांत दम लागणारी पोरगी ती. त्या दिवसापासून न बोलता ठरून गेलं की शालूची सोंगटी कोणी मारायची नाही. ती बाहेरच्या घरांतून फिरत राहायची, आमचे डाव संपायचे, नवे लागायचे, आणि शालूची लाल काचेची सोंगटी — माझ्या पटावर मी तिच्यासाठी फुटक्या बांगडीचा तुकडा ठेवला होता — तशीच फिरायची.

त्या वर्षी दिवाळीनंतर तिला नागपूरला मोठ्या दवाखान्यात भरती केलं. सोबत तिची आई होती. दादाराव दर रविवारी जाऊन यायचे. सौंसरला दिवसाच्या पाळीला ते एकटेच, बदली माणूस मिळेना. जाण्याआधी शालू त्यांना सांगून गेली होती, "बाबा, माझं दान तुमी टाकत जा. पण माह्या सोंगटीनं कोणाले मारजा नोका."

मग ते रोज दुपारी तिच्या नावानं कवड्या टाकायचे. "शालूले दोन." "शालूले चंगा, चार घरं." आवाज हसरा ठेवायचे. आणि आम्ही तिघांनी एक विचित्र प्रकार सुरू केला. डाव संपू द्यायचा नाही. कसं सुरू झालं सांगता येत नाही. मला मधल्या घरात जायचं दान पडलं की मी दुसराच आकडा सांगायचे. गुरुजी तेच करायचे, त्यांच्या आवाजावरून कळायचं. इतकी वर्षं जो खेळ निव्वळ खरेपणावर चालला, त्यात आम्ही खोटं बोलायला लागलो ते हरण्यासाठी. मी प्रतिज्ञा म्हणणारी बाई. मला कोणी विचारलं असतं, की पटावर डाव चालू राहिला म्हणून दवाखान्यातली पोरगी वाचते का, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण दुपारी कवड्या हातात घेतल्या की मी खोटाच आकडा सांगायचे.

डिसेंबरचे दिवस होते, थंडी चांगली पडली होती. दोन दिवसांपूर्वीच शालूच्या आईचा फोन येऊन गेला होता, की ताप उतरला, पोरगी पेज पिऊन राहिली, ऑपरेशनची तारीखही लवकरच देतील. शिवाय दादारावांना सोमवारपासून बदली माणूस मिळाला होता. ते खुशीत होते. "बाई, आता सोमवारी गेलो का तिले घेऊनच येतो," असं दोनदा म्हणाले.

त्या दिवशी सकाळपासून नागपूरच्या दोन्ही लाइनी बंद. नरखेडच्या पुढं कुठं तरी तार तुटली असावी असा अंदाज होता, लाइनमन सकाळच्या गाडीनं तिकडे गेला होता. बंद लाइनच्या भोकात लाकडाची एक छोटी गुट्टी खोचून ठेवायची आमची पद्धत होती, चुकून त्यात दोरी घातली जाऊ नये म्हणून. त्या दोन गुट्ट्या मी माझ्या हातानं खोचल्या होत्या. बाहेर एक संत्र्याचे शेठ येऊन तावातावानं बोलून गेले, "मॅडम, माझा माल सडून राहिला अन् तुमची लाइन लागून नाही राहिली." मी म्हटलं, "शेठ, तार तुटली हाय. मी काय त्याच्यावर कपडे वाळवून राहिली का?" ते पुटपुटत गेले.

लाइनी बंद म्हणून गर्दी कमी, त्यात गुरुजींच्या शाळेलाही सुट्टी, म्हणून सकाळीच एक फेरी खेळून झाली. मला खरं तर आत वळायचं दान पडलं होतं. मी खोटं सांगितलं आणि माझी सोंगटी आत वळायच्या अलीकडे, कोपऱ्यातल्या घरात थांबवली. शालूची बरीच मागं होती.

जेवण आटोपून मी डबा धुऊन ठेवला, हेडफोन लावला. सौंसर आणि बोरगाव दोन्ही लाइनवर होते. दादाराव चहा प्यायला उठले होते, गुरुजी एकटेच कसलं तरी पाकीट फाडत असल्याचं ऐकू येत होतं. आणि तेवढ्यात नागपूरच्या लाइनचं झाकण पडलं.

मी पाहिलं. भोकात गुट्टी होती. मला वाटलं, लाइन जोडली वाटतं, लाइनमन टेस्ट करून राहिला असेल. गुट्टी काढली, दोरी घातली, म्हटलं, "पांढुर्णा."

नागपूरची लाइन कधीच शांत नसते. खरखर, दुसऱ्यांचे आवाज, काही ना काही असतंच. त्या वेळी काही नव्हतं. मग कवड्या पडल्याचा आवाज आला. फरशीवर चार कवड्या. आणि मग...

"मावशी, मी शालू."

मला आनंदच झाला, खरं सांगते. भीती वगैरे काही वाटली नाही. मी म्हटलं, "अगं बेटा, तू कुठून बोलून राहिली? आई कुठं हाय?"

"आई इथंच बसली हाय. मावशी, आज माझं दान मीच टाकलं."

सवयीनं मी विचारलं, "किती पडले?"

"अष्टा. तुमची सोंगटी मारली मी, मावशी. राग नोका मानू."

मी पटाकडे पाहिलं. शालूच्या लाल काचेपासून माझ्या सोंगटीपर्यंत घरं मोजली. बरोबर आठ.

मी म्हटलं, "तुले त मारणं आवडत नाही ना गं?"

"नाही आवडत. पण त्याच्याबिगर आत जाता येत नाही. मी लय फिरली, मावशी. आता पाय दुखून राहिले." थोडं थांबून म्हणाली, "बाबाले सांगजा, मी थांबतो म्हणा. पण जास्त वेळ नाही थांबत."

झालं. आवाज गेला. मी दोन-तीनदा हॅलो म्हटलं, हँडल फिरवून पाहिलं. लाइन सकाळसारखीच मेलेली. हँडल हलकं फिरत होतं, पलीकडे काही जोडलेलंच नसल्यावर फिरतं तसं. आणि माझी सोंगटी तर त्या कोपऱ्यात सकाळीच आली होती. माझ्या खोट्या दानानं आली होती. नागपूरला दवाखान्यात पडलेल्या पोरीला ते कोण सांगणार?

गुरुजी बोरगावहून म्हणाले, "बाई, दान टाकलं का? किती पडले?"

दादाराव चहा पिऊन आले तसं मी त्यांना म्हटलं, "भाऊ, नागपूरहून निरोप आहे. तुम्ही आता निघा."

"नागपूरची लाइन त बंद हाय ना, बाई."

"निरोप आहे, भाऊ."

"कोणं देला?"

मला खरं सांगता आलं नाही, आणि त्या माणसाशी खोटं बोलवेना. मी एवढंच म्हटलं, "शालूनं बोलावलं आहे."

त्यांनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "सोमवारी त जाऊनच राहिलो ना मी. बोर्ड कोणाच्या भरोशावर सोडू? गावात काही झालं, कोणाले दवाखाना लागला, त कोणाले फोन करन तो?"

हा प्रश्न खरा होता. बोर्ड सोडून जाणं म्हणजे नोकरी तर जाणारच, पण त्याहून मोठं म्हणजे गावाचे कान बंद होणं. मी म्हटलं, "असं करा. ठाणा अन् दवाखाना या दोघांच्या दोऱ्या थेट माझ्या लाइनवर जोडून ठेवा. एकाच्या अंगावर एक पडतील, पण मी सांभाळून घेईन. बाकीच्यांना संध्याकाळपर्यंत बोंबलू द्या." अशी जोडणी आम्ही कधी रात्रीपुरती करायचो. भरदिवसा, हंगामात, दोन गावं एकाच बोर्डावर कोणी घेतली नव्हती.

मग बोरगावहून गुरुजी बोलले. "दादाराव, नागपूरची बस आता येईनच. तुमी बसा. मी इथं बोरगावात चढतो. एकटे नोका जाऊ."

दोऱ्या खोचल्याचे आवाज आले. मग कुलूप लावल्याचा. मग सौंसरकडून फक्त खरखर.

त्या दुपारी मी जशी लाइन वाटली तशी नोकरीत पुन्हा कधी वाटली नाही. सौंसरच्या ठाण्यातून कोणी तरी अर्धा तास जावयाची चौकशी करून राहिलं होतं, त्याला तिसऱ्या मिनिटाला तोडलं. दवाखान्याचा एक खरा कॉल आला, त्यासाठी माझ्या गावच्या दोन शेठना बाजूला सारलं. उठून पाणीही प्यायले नाही. हात चालत होते ते बरं होतं.

दुसऱ्या दिवशी लाइन जोडली गेली आणि पहिला कॉल गुरुजींचा होता. दवाखान्याजवळच्या दुकानातून. "बाई, शालू गेली," म्हणाले. "काल दिवेलागणीले." पुढं दोघांनाही बोलवेना. तीन मिनिटं तशीच गेली आणि मी ती जाऊ दिली.

पंधरा-वीस दिवसांनी दादाराव पांढुर्ण्याला आले. इतक्या वर्षांत मी त्यांना दोनदा-तीनदाच पाहिलं असेल. टोपी हातात घेऊन समोरच्या बाकावर बसले. त्यांनी जे सांगितलं ते असं. मला तो फोन आला त्याच्या आदल्या रात्रीच शालूची शुद्ध गेली होती. त्यानंतर ती एक शब्दही बोलली नाही, डोळेसुद्धा उघडले नाहीत. तिची आई सकाळपासून दोनदा त्या दुकानात धावली, दोन्ही वेळा लाइन बंद. कोणाच्या हाती निरोप पाठवावा तर ओळखीचं कोणी नाही. शेवटी पोरीचा हात धरून बसून राहिली.

"मी पोचलो तवा होती ती," दादाराव म्हणाले. "डोळे नाही उघडले, पण हात गरम होता, बाई. मले हात गरम भेटला." हेच त्यांनी तीन-चार वेळा सांगितलं. मग विचारलं, "तुमाले काय म्हणे ती?"

मी सगळं सांगितलं. शब्दाला शब्द. पुठ्ठ्यावर काढलेला पट तसाच बोर्डाशेजारच्या पेटीवर होता, लाल काच मी मधल्या घरात ठेवली होती. ते तिच्याकडे पाहत राहिले. रडले नाहीत. म्हणाले, "आपण खेळ संपू देत नोतो, बाई. पोरगी थकली होती."

मी मात्र रडले. तिथंच, ड्यूटीवर. समोर दोन झाकणं पडली आणि दोघं ताटकळत राहिले.

जाताना मी ती काच त्यांना देऊ केली. "राहू द्या तिथंच. बरी बसली हाय," म्हणाले आणि गेले.

आता तुम्ही विचाराल, खुलासा काय? शोधला की. मी काय सोडणार आहे? दुसऱ्या तारेतलं बोलणं शिरलं, म्हणजे क्रॉस-टॉक झाला म्हणावं, तर मेलेल्या लाइनवर तोही होत नाही. लाइनमननं परत येऊन सांगितलं, की नरखेडच्या पुढं चोरांनी तांब्याची तार खांबांवरून कापूनच नेली होती, मधले कितीतरी खांब नुसते उभे होते. दुसरी एखादी मुलगी असेल? तिला माझा पट कसा माहीत? मग माझ्याच मनाचा खेळ असेल, हे मला सगळ्यात पटण्यासारखं होतं. मी काही वर्षं तेच धरून बसले. पण एकदा बोरगावच्या गुरुजींशी सहज विषय निघाला, तेव्हा ते म्हणाले, "बोलणं मले नाही आलं ऐकू. पण कवड्या पडल्या, थे ऐकलं मी. मले वाटलं तुमीच टाकल्या. म्हणून त विचारलं ना, किती पडले."

माझ्या कवड्या त्या वेळी डब्याशेजारी रुमालात बांधलेल्या होत्या.

पुढं बोर्ड गेले, आकडे फिरवायचे फोन आले, माझी बदली झाली, निवृत्तीही झाली. माझा अजूनही भुताखेतांवर विश्वास नाही. माझ्याकडे या गोष्टीचं उत्तरही नाही. दोन्ही खरं आहे, आणि या वयात मी दोन्ही सोबत घेऊन राहायला शिकले आहे.

परवा हे सगळं नातीला सांगितलं. ती मोबाइल खाली ठेवून ऐकत होती. कपाटातून जुना पुठ्ठ्याचा पट काढून दाखवला. लाल काच अजून मधल्या घरात चिकटलेली आहे, मीच नंतर डिंक लावला होता. तिनं बोटानं हळूच चाचपून पाहिलं. मग म्हणाली, "आणि आजी, तुझी सोंगटी? जी तिनं मारली ती?"

मी तिला दाखवली, तीही डिंकानं चिकटवलेली. मारलेल्या सोंगटीनं पहिल्या घरापासून पुन्हा चालायचं असतं. पण त्या दुपारनंतर मी कवड्या कधी हातात घेतल्या नाहीत. माझी सोंगटी अजून त्या पहिल्या घरातच उभी आहे.